मदत मागण्याची सवय कुठे घडते

महाविद्यालयात समुपदेशकाची नेमणूक होणे आणि विद्यार्थ्याने त्या समुपदेशकासमोर जाऊन बसणे या दोन गोष्टींमध्ये मोठे अंतर असते, आणि ते अंतर बहुतेक वेळा विद्यार्थी महाविद्यालयात दाखल होण्याच्या कितीतरी आधी तयार झालेले असते. शिक्षिका म्हणून मी अनेक वर्षे हे अंतर जवळून पाहत आले आहे. एखादा विद्यार्थी अचानक वर्गात यायचा थांबतो, परीक्षेचा अर्ज भरत नाही, किंवा वर्गात बसलेला असूनही तिथे नसल्यासारखा वागू लागतो, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हमखास एक प्रश्न निघतो : सोय आहे, वेळ ठरलेली आहे, पैसे पडत नाहीत, मग ही मुले जात का नाहीत? प्रश्न काळजीपोटीच विचारलेला असतो. पण मदत घेणे हे प्रत्येकाला आपोआप जमते आणि न जाणारा विद्यार्थी हट्ट करतो आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. मला दिसत आले आहे ते वेगळे आहे. न जाणाऱ्यांपैकी बरेच विद्यार्थी लहानपणी जे शिकले आणि ज्याबद्दल त्यांचे वेळोवेळी कौतुक झाले, तेच निष्ठेने करत असतात.

हा विषय तातडीचा ठरतो तो वयामुळे. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणाच्या आधारे रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडले की ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार होतो, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या बाबतीत त्याची सुरुवात वयाच्या 14 व्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांशांच्या बाबतीत 24 व्या वर्षापर्यंत झालेली असते. शाळेची शेवटची आणि महाविद्यालयाची जवळजवळ सगळी वर्षे याच कालखंडात येतात. नेमक्या याच वयात मुले अडचण आली की आधी मित्रमैत्रिणींकडे जातात, काही जण घरी बोलतात, आणि तज्ज्ञाकडे जाण्याचा विचार बहुतेकांच्या मनात सर्वांत शेवटी येतो. जो मित्रांनाही सांगत नाही आणि घरीही सांगत नाही, त्याच्या मनात तो येतच नाही.

मदत मागण्याच्या वृत्तीचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांमध्ये एडवर्ड फिशर आणि जॉन टर्नर यांचे काम आरंभीचे आहे. 1970 मध्ये त्यांनी 29 विधानांची एक मोजपट्टी तयार केली, आणि ही वृत्ती एकसंध नसून तिचे चार पदर आहेत असे त्यांना आढळले. आपल्याला मदतीची गरज आहे हे ओळखता येणे, लोकांनी नावे ठेवली तरी ती सोसण्याची तयारी असणे, दुसऱ्याजवळ मन उघड करता येणे आणि मदत करणाऱ्या तज्ज्ञावर विश्वास असणे, हे ते चार पदर. मोजपट्टीतली विधाने आज जुनी वाटतील. पण हे चार पदर मनात ठेवून मी माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहू लागले, तेव्हा मला प्रथम जाणवले ते असे की यांतला एकही महाविद्यालयात शिकवला जात नाही. चारही घरून येतात, किंवा येत नाहीत.

त्यांतला पहिला मला सर्वांत मूलभूत वाटतो, कारण गरज ओळखताच आली नाही तर पुढच्या तिघांना काही कामच उरत नाही. आपल्याला जे होते आहे ते दुःख आहे की भीती, राग आहे की एकटेपण, हे मुलाला जन्मतः कळत नाही. ते त्याला कोणीतरी सांगावे लागते. पडल्यावर, मित्राने खेळायला न घेतल्यावर, आवडते माणूस दूर गेल्यावर मोठे माणूस जवळ बसून जे दोन शब्द बोलते, त्यांतून मुलाला स्वतःच्या मनाची भाषा मिळते. जॉन गॉटमन यांनी 1990 च्या दशकात आईवडील आणि लहान मुले यांच्यातील संवादाचा अभ्यास करताना हा फरक स्पष्ट केला. काही पालक मुलाच्या रडण्याकडे त्याला जवळ घेण्याची आणि त्याला काय वाटते आहे ते समजावण्याची संधी म्हणून पाहतात, तर काहींना ते रडणे लवकरात लवकर थांबवणे हेच आपले कर्तव्य वाटते. दुसऱ्या प्रकारचे पालक प्रेमळ नसतात असे अजिबात नाही. "एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं," असे म्हणणाऱ्या आईला मुलाला बळ द्यायचे असते. पण तेच वाक्य वर्षानुवर्षे ऐकत वाढलेले मूल दुःख सोसायला शिकतेच असे नाही. दुःख झाले की ते गिळायचे कसे, एवढे मात्र ते नक्की शिकते, आणि काही काळाने आपण काही गिळतो आहोत हेही त्याच्या लक्षात येईनासे होते.

असे विद्यार्थी माझ्याकडे आले की मनाविषयी बोलत नाहीत, शरीराविषयी बोलतात. डोके जड असते, पोटात गोळा येतो, झोप लागत नाही, पुस्तक उघडले की अक्षरे डोक्यात शिरत नाहीत. "काही टेन्शन आहे का?" असे विचारले तर ते मनापासून सांगतात, "नाही मॅडम, तसं काही नाही." ते खोटे बोलत नसतात. स्वतःच्या भावना ओळखण्याची आणि शब्दांत मांडण्याची ही अडचण मानसशास्त्राला परिचित आहे, आणि पीटर सिफ्निओस यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिला वेगळे नाव दिले. प्रत्येक अबोल विद्यार्थ्याला ते नाव चिकटवणे अर्थातच चुकीचे ठरेल. तरीही ज्याला स्वतःची व्यथा केवळ डोकेदुखी म्हणून जाणवते तो समुपदेशकाकडे जाणार नाही, गोळी घेईल, हे समजून घेणे मला आवश्यक वाटते. "मन मोकळं करा" हे आवाहन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण मन भरले आहे अशी त्याची तक्रारच नसते.

संगोपनाविषयी बोलताना सगळा दोष कडक शिस्तीवर टाकण्याचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. डायना बाउमरिंड यांनी 1960 च्या दशकात पालकांच्या वागण्याचे जे प्रकार मांडले, त्यांतला महत्त्वाचा भेद शिस्त आहे की नाही एवढ्यावर उभा नव्हता. पुढे 1983 मध्ये एलिनॉर मॅकॉबी आणि जॉन मार्टिन यांनी दोन निकष वेगळे करून दाखवले : पालक मुलाकडून किती अपेक्षा करतात, आणि मुलाच्या गरजेला किती प्रतिसाद देतात. अपेक्षा कडक असूनही प्रतिसाद भरपूर असेल, नियम मोडल्यावर बोलणी बसत असतील पण त्यामागचे कारण ऐकूनही घेतले जात असेल, तर ते मूल सहसा बंद होत नाही. मोठ्या माणसाला आपल्या मनातले सांगितले तर काहीतरी चांगले घडते, हा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. प्रतिसादच नसलेल्या घरात मात्र शिस्त असो वा मोकळीक, मुलाच्या लेखी सांगणे आणि न सांगणे सारखेच होऊन जाते.

यापेक्षाही अवघड प्रकार मी पाहिला आहे तो अतिशय प्रेमळ घरांतला. आईवडिलांनी आपल्यासाठी किती कष्ट काढले, काय काय सोडून दिले, हे ज्या मुलांना रोज डोळ्यांसमोर दिसत आलेले असते, त्यांना स्वतःचे दुःख सांगणे हा कृतघ्नपणा वाटतो. माझी एक विद्यार्थिनी अशी होती. अभ्यासात चांगली, वागण्यात समंजस, घरातल्या सगळ्यांची काळजी घेणारी. तिच्याविषयी घरी नेहमी म्हटले जाई की हिने आम्हाला कधी त्रास दिला नाही. हे वाक्य तिने मला अभिमानाने सांगितले, आणि सांगता सांगताच तिचा आवाज बदलला. कधी त्रास न देणे हीच घरातली तिची जागा झाली होती. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे ती जागा सोडणे, आणि त्याहून वाईट म्हणजे आईवडिलांच्या कष्टांना अपुरे म्हणणे, असे तिला वाटत होते. कौतुकाने बंद झालेले मूल धाकाने बंद झालेल्या मुलापेक्षा उशिरा लक्षात येते, असे मला वाटते, कारण त्याच्यात बिघडलेले काहीच दिसत नसते.

याच्या दुसऱ्या टोकाला मुलाच्या वाटेतला प्रत्येक खडा आधीच उचलून ठेवणारी घरे असतात. तिथली मुले मदत मागायला कचरत नाहीत, पण त्यांना मदत म्हणजे तयार उत्तर हवे असते. समुपदेशक ऐकतो, विचारतो, विद्यार्थ्याला स्वतः विचार करायला लावतो. तेव्हा ही मुले एका भेटीनंतर निराश होऊन परततात.

बालपणातल्या नात्यांविषयी एक निरीक्षण मला फार बोलके वाटते. जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या जिव्हाळ्याच्या बंधाच्या सिद्धांताचा आधार घेऊन मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षभराच्या बाळांचे निरीक्षण केले. आई थोडा वेळ अनोळखी खोलीतून बाहेर जाते आणि परत येते, तेव्हा बाळ काय करते हे त्यात पाहिले जाते. बहुतेक बाळे रडतात आणि आई आल्यावर तिला बिलगून शांत होतात. काही बाळे मात्र आई गेली तरी खेळत राहतात आणि ती आली तरी तिच्याकडे विशेष पाहत नाहीत. वरवर पाहता हीच बाळे सर्वांत स्वावलंबी वाटतील. पण अॅलन स्राउफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी 1977 मध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींवर लिहिले तेव्हा दिसले की या वरून शांत राहणाऱ्या बाळांचे ठोकेही वाढलेले असतात. त्रास त्यांनाही होत असतो. तो दाखवून उपयोग नाही, एवढे मात्र ती एका वर्षात शिकलेली असतात.

मोठेपणी हे सगळे जसेच्या तसे टिकते असे नाही. मधल्या वर्षांत एखादे भले माणूस भेटते, आजी असते, शिक्षक असतात, जिवाभावाचा मित्र मिळतो आणि शिकलेले बदलते. पण धागा पूर्ण तुटतही नाही. किम बार्थोलोम्यू आणि लेनर्ड हॉरोविट्झ यांनी 1991 मध्ये तरुण विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दोन प्रश्न पुढे आणले : मी स्वतःला किती मोलाचा मानतो, आणि इतर लोक मला आधार देतील असे मला किती वाटते. यांतला दुसरा प्रश्न समुपदेशनाच्या बाबतीत निर्णायक ठरतो. डेव्हिड व्होगेल आणि मेफेन वेई यांच्या 2005 मधील अभ्यासात आढळले की ज्यांच्या मनात नाते तुटण्याची धास्ती असते ते आपला त्रास मान्य करतात आणि मदत घेण्याकडे झुकतात, तर ज्यांना जवळीकच टाळायची असते ते त्रास नाकारतात आणि मदतीपासूनही दूर राहतात. आपण शिक्षक स्वाभाविकच पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांत गुंतून पडतो. ते पुन्हा पुन्हा येतात, रडतात, निरोप पाठवतात. दुसऱ्या प्रकारचा विद्यार्थी "मी बघतो" एवढेच म्हणतो, आणि आपल्याला तो खंबीर वाटतो.

इथपर्यंत वाचून कोणा आईला किंवा वडिलांना असे वाटू नये की आपले मूल बोलत नाही याला सर्वस्वी आपणच जबाबदार आहोत. एकाच घरात, त्याच आईवडिलांच्या हाताखाली वाढलेली दोन भावंडे वेगळी निघतात. एक दारातूनच दिवसभराचे सगळे सांगत येते, दुसऱ्याला दहा वेळा विचारावे लागते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासातून दाखवले की मुलांच्या प्रकृतीत अगदी तान्हेपणापासून फरक असतात, आणि मुलाचा स्वभाव व घरातले वागणे यांचा मेळ बसतो की नाही यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. जुळ्यांवरच्या अभ्यासांतूनही व्यक्तिमत्त्वातल्या फरकांचा जवळपास 40 ते 50 टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडता येतो असे दिसते. तेव्हा संगोपन हे स्वभावावर काम करते, कोऱ्या पाटीवर नाही.

स्वभावाविषयीचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. बडबडा विद्यार्थी मदत मागेल आणि अबोल मागणार नाही, असे आपण धरून चालतो. मी अनेक अबोल मुलांना समुपदेशकासमोर अत्यंत नेमकेपणाने बोलताना पाहिले आहे, कारण त्यांना गर्दी नको असते, एक ऐकणारे माणूस चालते. उलट वर्गाला हसवणारा, सगळ्यांच्या वाढदिवसाला पुढे असणारा मुलगा आतून कोसळत असल्याचे कोणालाच कळले नव्हते, असेही घडले आहे. अडथळा कमी बोलण्याचा नसतो, लपवण्याचा असतो. डेल लार्सन आणि रॉबर्ट चेस्टेन यांनी 1990 मध्ये, स्वतःविषयीच्या त्रासदायक गोष्टी जाणूनबुजून इतरांपासून दडवण्याची ही वृत्ती वेगळी काढून मोजली. 1995 मध्ये अनिता केली आणि जॉन अॅक्टर यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, त्यातला एक भाग मला फार उपयोगी वाटतो. समुपदेशनात खूप खाजगी गोष्टी उघड कराव्या लागतात असे वर्णन ऐकल्यावर, लपवण्याकडे कल असलेल्या विद्यार्थ्यांचे समुपदेशनाविषयीचे मत अधिक प्रतिकूल झाले. आपल्या फलकांवर आणि भाषणांत आपण नेमके हेच वर्णन मोठ्या अक्षरांत करतो : या आणि मनातले सगळे सांगा. ज्याने आयुष्यभर काही सांगायचे नाही असे ठरवले आहे, त्याला आपण दारातच सांगतो की इथे सगळे सांगावे लागेल.

व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख पैलूंचा विचार केला तर नव्या अनुभवांविषयी खुलेपणा असलेल्यांना समुपदेशनाची कल्पना तुलनेने सहज स्वीकारता येते, आणि चटकन अस्वस्थ होणाऱ्यांना गरज लवकर जाणवते. याहून जास्त मला विचार करावासा वाटतो तो कष्टाळू, शिस्तबद्ध, जबाबदार विद्यार्थ्यांविषयी, कारण हा गुण आपण सगळेच वाखाणतो. हे माझे निरीक्षण आहे, कोणा संशोधकाचा दाखला नव्हे : अशा विद्यार्थ्याला प्रत्येक अडचण ही कमी पडलेल्या प्रयत्नांची खूण वाटते. गुण कमी पडले, तर अभ्यास वाढवायचा. झोप लागत नाही, तर तो वेळही अभ्यासाला द्यायचा. मन थाऱ्यावर नाही, तर वेळापत्रक अधिक काटेकोर करायचे. मदत घेणे त्याला नियम मोडून पुढे जाण्यासारखे वाटते.

इथे लोकलाजेपेक्षा खोल असलेली एक गोष्ट कामाला लागते. लोक काय म्हणतील ही भीती खरी आहे, पण समुपदेशकाची खोली आडबाजूला हलवली, नोंद गुप्त ठेवली, तरी ती पूर्ण जात नाही, कारण सर्वांत कठोर लोक विद्यार्थ्याच्या मनातच बसलेले असतात. मदत घेतली तर मी माझ्याच नजरेत उतरेन, ही भावना व्होगेल, नॅथॅनिएल वेड आणि शॉन हाके यांनी 2006 मध्ये स्वतंत्रपणे मोजण्याजोगी करून दाखवली. जो मुलगा "पुरुषासारखा पुरुष" होण्याचे धडे घेत वाढला, त्याच्यात ती बहुधा अधिक तीव्र असते. मायकेल अॅडिस आणि जेम्स महालिक यांनी 2003 मध्ये पुरुष आणि मदत मागणे या विषयावर लिहिताना दाखवले की पुरुष कधी मदत मागतात आणि कधी मागत नाहीत हे संदर्भानुसार बदलते. आपल्यासारखी अडचण इतरांनाही येते का, आणि ती अडचण आपल्या स्वतःविषयीच्या कल्पनेच्या किती गाभ्याशी आहे, यावर ते बरेचसे अवलंबून असते. म्हणूनच जो मुलगा खेळताना पाय मुरगळला की लगेच तज्ज्ञाकडे जातो, तोच मुलगा महिनोन्‌महिने न झोपता राहतो.

ज्या निष्कर्षाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, तो आत्महत्येच्या विचारांविषयीचा आहे. असे विचार जितके वाढतात तितकी मदत घेण्याची इच्छा कमी होत जाते, असे फ्रँक डीन, कोराली विल्सन, डेब्रा रिकवूड आणि इतर संशोधकांना तरुणांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. साधी समजूत याच्या नेमकी उलट आहे. त्रास असह्य झाला की माणूस आपोआप हाक मारेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या अवस्थेत हाक मारण्याची शक्तीही संपते आणि हाक मारून काही होईल हा विश्वासही. संगोपनाने ज्याला आधीच गप्प राहायला शिकवले आहे आणि ज्याचा स्वभाव दडवण्याचा आहे, तो या टप्प्यावर स्वतःहून येईल अशी वाट पाहत बसणे म्हणजे त्याला सोडून देणे आहे. म्हणून माझ्या समोर बसलेल्या विद्यार्थ्याविषयी शंका आली तर मी सरळ विचारते : जीव नकोसा वाटतो का, मरण्याचे विचार येतात का? असे विचारल्याने नसलेला विचार मनात पेरला जातो ही भीती संशोधनाने खरी ठरलेली नाही. विचारल्यावर अनेकांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली आहे. उत्तर होकारार्थी आले तर मात्र त्या विद्यार्थ्याला एकटे न सोडणे आणि त्याच दिवशी तज्ज्ञापर्यंत पोहोचवणे, हे शिक्षकाचे काम आहे.

मग एरवी काय करावे? स्वभाव बदलण्याचा अधिकार शिक्षकाला नाही आणि बालपण परत घडवता येत नाही. पण विद्यार्थ्याला पार करायचे अंतर कमी करता येते. मी आता "समुपदेशकाकडे जा" असे मोघम सांगत नाही. तिथे कोण बसते त्या व्यक्तीचे नाव सांगते, भेट साधारण पाऊण तास ते तासभर चालते हे सांगते, पहिल्या भेटीत काय विचारले जाते आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर नाही दिले तरी चालते हेही सांगते. लपवण्याची सवय असलेल्या मुलाला हे शेवटचे ऐकून फार हायसे वाटते. ज्याला मनाविषयी बोलता येत नाही त्याच्याशी मी झोप, एकाग्रता आणि अभ्यासाविषयी बोलते आणि त्याच कारणासाठी जायला सुचवते. समुपदेशकाला तेवढे सूत पुरते. समोर बसून बोलणे ज्यांना जड जाते, त्यांनी आधी लिहून पाठवले तरी चालते. आणि कोणी म्हणाले, "मॅडम, तुम्ही दारापर्यंत याल का?" तर मी जाते. मोठ्या झालेल्या मुलाला असे हाताला धरून का न्यायचे, असा आक्षेप मी ऐकला आहे. ज्याला आजवर कोणी नेले नाही, त्याच्या बाबतीत हा आक्षेप मला मान्य नाही.

"घरी कळेल का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचे उत्तर गोड करून सांगता कामा नये. समुपदेशनातले बोलणे गोपनीय असते, पण विद्यार्थ्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर ती गोपनीयता ठेवता येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. एका विद्यार्थ्याने शाळेत असताना विश्वासाने एका शिक्षकांना सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी पोहोचली होती. त्यानंतर कितीतरी वर्षे त्याने कोणालाही काही सांगितले नाही. मदतीचा आधीचा अनुभव चांगला असेल तर माणूस पुन्हा मदत मागतो आणि वाईट असेल तर टाळतो, हे तरुणांच्या अभ्यासांतून वारंवार पुढे आले आहे. घराने न शिकवलेला विश्वास एखादा शिक्षक शिकवू शकतो, तसाच घराने शिकवलेला विश्वास एखादा शिक्षक मोडूही शकतो.

पालकांना मला एवढेच सांगावेसे वाटते की मुले उपदेशापेक्षा तुमच्याकडे पाहून शिकतात. "आम्हाला सगळं सांगत जा," असे म्हणणाऱ्या वडिलांनी स्वतःची एकही काळजी मुलासमोर कधी बोलून दाखवली नसेल, तर मुलाला वडिलांचे मौनच दिसते. दमलो आहे, काल फार वाईट वाटले, हे मला एकट्याला जमणार नाही, म्हणून मी अमुक माणसाला विचारले, अशी साधी वाक्ये मुलांच्या कानांवर पडू द्यावीत. मूल वीस वर्षांचे झाले म्हणून या गोष्टीला उशीर झालेला नसतो.

आमच्याकडे सध्या एका प्रश्नावर वाद चालू आहे. समुपदेशकाची एक भेट सर्व विद्यार्थ्यांना सरसकट द्यावी का? मी या बाजूची आहे. बोलण्याची सक्ती कोणावरही नसावी, पण जाण्याची वेळ प्रत्येकाला ठरवून द्यावी, म्हणजे त्या खोलीत जाणे ही कोणाची वेगळी ओळख ठरणार नाही. ज्या विद्यार्थिनीला घरातली आपली जागा सोडल्यासारखे वाटत होते तिला काही सोडावे लागणार नाही, आणि कष्टाळू विद्यार्थ्याला तो नियम मोडत नसून पाळतो आहे असे वाटेल. माझे एक सहकारी याला विरोध करतात. त्यांचे म्हणणे आहे की ज्यांच्यासाठी हा खटाटोप करायचा तीच मुले अदबीने येऊन बसतील, "सगळं ठीक आहे" म्हणतील आणि निघून जातील. बरीच मुले नेमके तसेच करतील, हे मला मान्य आहे. पण तोवर त्यांनी ती खोली पाहिलेली असेल, समुपदेशकाचा आवाज ऐकलेला असेल, आणि न बोलताही तिथून सन्मानाने परत येता येते याचा अनुभव घेतलेला असेल. म्हणून मी एकाऐवजी दोन भेटी मागितल्या आहेत : पहिली वर्षाच्या सुरुवातीला, आणि दुसरी परीक्षेच्या निकालानंतरच्या आठवड्यात, जेव्हा "सगळं ठीक आहे" हे म्हणणे पुष्कळांना जड जाते.